बोलावलं कुणी, राहायचं कुठं

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात भाड्याचं घर बघायला गेलेल्या माणसाने सगळ्यात आधी एक प्रश्न विचारावा: या घरात पहिला रहिवासी कधी आला? उत्तर १५ नोव्हेंबर २०१८ किंवा त्याआधीचं असेल, तर दरवर्षी भाडं किती वाढवायचं याची मर्यादा प्रांत सरकार ठरवतं. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती अडीच टक्के होती. २०२६ साठी २.१ टक्के आहे. पहिला रहिवासी त्या तारखेनंतर आला असेल, तर मर्यादाच नाही. वर्षातून एकदा, नव्वद दिवस आधी लेखी कळवून, मालक वाटेल तेवढं भाडं वाढवू शकतो. किचनर शहराच्या किंग स्ट्रीटवरून चालत गेलं की दोन्ही प्रकारच्या इमारती दिसतात: विटांच्या जुन्या आणि ट्रामच्या रुळांलगत नव्याने उभ्या राहिलेल्या काचेच्या. जुनीत दोन हजार डॉलर भाडं भरणाऱ्या बाईला अडीच टक्क्यांनी पुढच्या वर्षी पन्नास डॉलर जास्त पडतात. नवीत तेवढंच भाडं भरणाऱ्या तरुणाला सहाशे डॉलर वाढवल्याची नोटीस आली, तरी त्या रकमेविरुद्ध दाद मागायला जागा नाही. शहर एक, रस्ता एक, हिवाळा एक. कायदे मात्र दोन.

ही तारीख कुठून आली? त्या दिवशी प्रांत सरकारने आपलं आर्थिक निवेदन मांडलं आणि नवी घरं बांधली जावीत म्हणून त्यांना भाडेनियंत्रणातून सूट जाहीर केली. याहून तिला दुसरं महत्त्व नाही. पण कॅनडातल्या मध्यम शहरांमधलं भाडं असंच ठरत आलेलं आहे. ते पावसापाण्यासारखं आपसूक येत नाही. कुठल्या तरी वर्षी कुणीतरी घेतलेल्या किंवा टाळलेल्या निर्णयातून येतं. गेल्या ऐंशी वर्षांचा हिशोब मांडला तर त्यात एक रीत स्पष्ट दिसते. या देशाने माणसं पुन्हा पुन्हा बोलावली. ज्यांचं आपण देणं लागतो असं त्याला वाटलं, त्यांच्यासाठी त्याने घरं बांधली. जी माणसं पैसे घेऊन आली, त्यांना बाजारात सोडून दिलं.

किचनर टोरांटोच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर आहे. २०२१ च्या जनगणनेत त्याची वस्ती २,५६,८८५ होती. वॉटर्लू आणि केंब्रिज ही जोडशहरं आणि भोवतालचा ग्रामीण भाग धरला तर ५,८७,१६५. ग्रँड नदीकाठची ही जमीन १७८४ च्या हॅल्डिमंड घोषणेने सिक्स नेशन्स या मूलनिवासी राष्ट्रांना दिलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातून मेनोनाइट पंथाचे शेतकरी आले, त्यांच्या मागून जर्मन कारागीर आले, आणि गावाचं नाव पडलं बर्लिन. पहिल्या महायुद्धात ते नाव सोसवेना, म्हणून १९१६ मध्ये ते किचनर झालं. चामडं, रबर, फर्निचर, बटणं, शर्ट अशा कारखान्यांवर ते वाढलं.

याच गावात १८७४ साली विल्यम लायन मॅकेन्झी किंगचा जन्म झाला. कॅनडाचं पंतप्रधानपद सर्वांत जास्त काळ सांभाळलेला हा माणूस. त्याचे वडील वकील होते. १८८६ ते १८९३ या काळात हे कुटुंब 'वुडसाइड' नावाच्या ज्या घरात राहिलं, ते भाड्याचं होतं. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे आणि शाळांच्या सहली तिथे जातात. देशभर भाडी गोठवणारं आणि सरकारी पैशाने भाड्याची घरं बांधणारं सरकार पुढे याच माणसाचं होतं, हे त्या मुलांना कुणीतरी सांगावं असं मला फार वाटतं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि कारखान्यांच्या शहरांमध्ये माणसांची रीघ लागली. सप्टेंबर १९४० मध्ये युद्धकालीन किंमत व व्यापार मंडळाच्या हाती भाड्यांचा लगाम आला. सुरुवात पंधरा गर्दीच्या शहरांपासून झाली आणि पुढच्या वर्षी सगळा देश त्याखाली आला. पण नुसतं भाडं गोठवून घर निर्माण होत नाही, हेही त्या सरकारने ओळखलं होतं. १९४१ मध्ये 'वॉरटाइम हाउसिंग लिमिटेड' ही सरकारी कंपनी निघाली. सी. डी. हाऊ हे संबंधित खात्याचे मंत्री, आणि शेजारच्याच हॅमिल्टनचे बांधकाम कंत्राटदार जोसेफ पिगट हे कंपनीचे अध्यक्ष. या कंपनीने काही वर्षांत पंचवीस हजारांहून जास्त घरं बांधली. आधी युद्धसाहित्याच्या कामगारांसाठी, नंतर परतलेल्या सैनिकांसाठी. सगळी भाड्याने देण्यासाठी.

किचनरमध्ये सेंट मेरीज हॉस्पिटलच्या आसपास ही घरं आजही उभी आहेत. दीड मजली, उभ्या उताराचं छप्पर, पुढे दोन पायऱ्या आणि एक दार. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर छपराच्या उताराखाली झोपायच्या खोल्या. एकसारखी घरं ओळीने बांधली, पण कुठे छपराची दिशा फिरवली, कुठे दार डावीकडे घेतलं, म्हणून रस्ता कंटाळवाणा होत नाही. मोठेपणाचा आव नाही, पण लहान मुलं असलेलं कुटुंब उन्हाळा-हिवाळा नीट काढेल एवढी काळजी त्यांत आहे. माजी सैनिकांसाठी बांधलेल्या भाड्याच्या घरांचा हा नमुना म्हणून शहराने तो सगळा परिसर वारसा म्हणून जपला आहे.

हे सगळं सरकारच्या मनाच्या मोठेपणातून झालं असं मात्र कुणी समजू नये. जानेवारी १९४६ मध्ये व्हँकुव्हरमध्ये घर न मिळालेल्या माजी सैनिकांनी रिकामं पडलेलं जुनं हॉटेल व्हँकुव्हर ताब्यात घेतलं, आणि लोकमत त्यांच्या बाजूने होतं. युद्धावरून आलेल्या माणसाला रस्त्यावर ठेवायची कुणाची छाती नव्हती. त्याच महिन्यात केंद्र सरकारचं गृहनिर्माण महामंडळ, म्हणजे सीएमएचसी, कामाला लागलं. दोन वर्षं आधी, १९४४ मध्ये, क्वीन्स विद्यापीठाचे प्राध्यापक सी. ए. कर्टिस यांच्या समितीने याहून पुढचा सल्ला दिला होता: कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सरकारने भाड्याची घरं कायम बांधत राहावं. तो सल्ला त्या प्रमाणात कधीच मानला गेला नाही. मंत्र्यांना आणि अर्थखात्याला घर ही खासगी मालकीची वस्तू हवी होती. सैनिकांची घरं चाळीसच्या दशकाच्या शेवटापासून तिथल्याच रहिवाशांना विकायला काढली आणि १९५१ च्या सुमारास केंद्राचं भाडेनियंत्रण संपलं. ज्यांना घरं मिळाली त्यांचं भलं झालं. पण देशाच्या हाती भाड्याच्या घरांचा जो साठा आला होता, तो एका पिढीत निघून गेला.

मुंबईकरांना सप्टेंबर १९४० हा महिना वेगळ्या कारणाने परिचित असेल. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात 'प्रमाण भाडं' ठरवायला १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरलेली होती. दोन खंडांवर एकाच साम्राज्याच्या युद्धाने एकाच हंगामात भाडी गोठवली. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. मुंबईत भाडी गोठलेलीच राहिली, पागडीचा व्यवहार फोफावला आणि मालकाने दुरुस्ती सोडल्यामुळे चाळी खचत गेल्या. कॅनडाने भाडी मोकळी केली आणि दोन दशकं बांधकामही जोरात केलं. एकाने नुसता लगाम धरला आणि दुसऱ्याने तो सोडला. लगाम धरून बांधतही राहायचं, हे दोघांपैकी कुणालाच फार काळ जमलेलं नाही.

कॅनडाच्या त्या दोन दशकांबद्दल मला मनापासून आदर आहे. १९५७ मध्ये देशाची लोकसंख्या एका वर्षात ३.३ टक्क्यांनी वाढली. युद्धोत्तर पिढीची मुलं जन्मत होती, हंगेरीतून निर्वासित येत होते. त्याच वर्षी वॉटर्लू विद्यापीठ सुरू झालं. विद्यार्थी वाढले, खोल्या कमी पडल्या, तेव्हा १९६४ मध्ये विद्यार्थ्यांनीच आपली गृहनिर्माण सहकारी संस्था काढली. तिथे राहणारे तिचे सभासद, आणि कामाचा काही वाटा त्यांनीच उचलायचा. त्याच साली प्रांताने ऑन्टारिओ हाउसिंग कॉर्पोरेशन स्थापन केलं आणि सार्वजनिक घरांना वेग आला. साठ आणि सत्तरच्या दशकांत किचनरमध्ये विटांच्या तीन मजली बिनलिफ्टच्या इमारती आणि काँक्रीटचे मनोरे उठले. आज शहरात परवडेल अशा भाड्याचं जे काही उरलं आहे, त्यातलं बरंच याच इमारतींत आहे.

कायदाही त्या काळात माणुसकीच्या बाजूने सरकला. १९७० पर्यंत ऑन्टारिओतला मालक थकलेल्या भाड्यापोटी भाडेकरूचं सामान जप्त करू शकत असे. १ जानेवारी १९७० पासून ते बंद झालं. मोडतोडीच्या नावाने अनामत रक्कम घेणंही बंद झालं. घ्यायचं तर फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ. १९७५ मध्ये महागाई भडकलेली असताना स्टीफन लुईस यांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने भाडेनियंत्रण हा निवडणुकीचा मुद्दा केला, बिल डेव्हिस यांचं सरकार अल्पमतात आलं, आणि प्रांतात वार्षिक वाढीला ८ टक्क्यांची मर्यादा लागली.

भाड्याच्या घरांच्या बांधकामाची उतरण मात्र त्याच दशकात सुरू झाली होती, फक्त कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. १९७२ च्या करसुधारणेने भाड्याच्या इमारतीत पैसे घालणाऱ्यांच्या सवलती काढल्या. १९६७ च्या कायद्याने ऑन्टारिओत एकेक फ्लॅट सुटा विकायची, म्हणजे कॉन्डोची, सोय झालीच होती. बिल्डरने साधा हिशोब केला: तीस वर्षं भाडं गोळा करण्यापेक्षा आजच विकून मोकळं व्हावं. १९८१ मध्ये व्याजदर २० टक्क्यांच्या वर गेले. मग १९९३ मध्ये केंद्र सरकारने नव्या सामाजिक घरांना, म्हणजे सरकारी मदतीवरच्या स्वस्त भाड्याच्या घरांना, पैसे देणं थांबवलं, १९९५ मध्ये माइक हॅरिस यांच्या प्रांत सरकारने आपल्याही योजना रद्द केल्या, आणि काही वर्षांत जुन्या सामाजिक घरांचा भार नगरपालिकांच्या गळ्यात टाकला. नगरपालिकेचं उत्पन्न मालमत्ताकराचं. तेवढ्यात गळकी छपरं दुरुस्त होतात, नवी इमारत उभी राहत नाही.

१९९८ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. भाडेकरू घरात आहे तोवर भाडेवाढीला मर्यादा; तो बाहेर पडला की पुढच्या माणसाला मालक हवं ते भाडं लावू शकतो. सरकारं बदलली, कायद्याचं नाव बदललं, ही तरतूद मात्र टिकली. तिचा अर्थ असा की पंधरा वर्षं एकाच घरात राहिलेली, वेळेवर भाडं भरणारी म्हातारी बाई तिच्या मालकाला सगळ्यात नकोशी. तिला काढण्याचे कायदेशीर मार्ग म्हणजे दोन नोटिशी, ज्यांची नावं प्रत्येक भाडेकरूच्या तोंडी असतात: 'एन बारा', मला किंवा माझ्या घरच्यांना राहायला घर हवं, आणि 'एन तेरा', घर मोठ्या दुरुस्तीसाठी रिकामं करा. दोन्हींचा खरा उपयोग आहे. दोन्हींचा खोटा वापरही होतो, आणि खोटेपणा सिद्ध करायची जबाबदारी ज्याचं बिऱ्हाड उठलं त्याच्यावरच पडते.

नियंत्रण असलं की कुणी भाड्याची इमारत बांधत नाही, असं २०१८ च्या सवलतीचं समर्थन करणारे म्हणतात. त्यांनी आपल्याच प्रांताचा इतिहास पाहावा. १९९१ च्या नोव्हेंबरनंतर बांधलेल्या घरांना २०१७ पर्यंत भाडेनियंत्रण लागू नव्हतं. पाव शतक सूट होती. त्या पाव शतकात भाड्याच्या इमारती कमीच बांधल्या गेल्या. उठले ते कॉन्डोचे मनोरे. अर्थात, बांधकामाची अडचण खोटी नाही. जमीन, व्याज, पालिकेची शुल्कं, कर या साऱ्यांनी भाड्याची इमारत आतबट्ट्याची होते. २०२३ मध्ये नव्या भाड्याच्या इमारतींवरचा जीएसटी केंद्राने उठवला, ते योग्यच झालं. पण मग तोच मार्ग धरावा. भाडेकरूच्या डोक्यावरचं छप्पर काढून बिल्डरला उत्तेजन देण्याची गरज नव्हती, आणि ती तारीख कायद्यातून जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

किचनर-वॉटर्लूवर ज्या काळात नवी गर्दी आली, तो काळ हाच, सरकारने बांधणं थांबवल्यानंतरचा. वॉटर्लूमध्ये १९८४ साली निघालेल्या 'रिसर्च इन मोशन'ने ब्लॅकबेरी फोन काढला आणि गावाला तंत्रज्ञानाची ओळख मिळाली. जुन्या चर्मोद्योगाच्या इमारतीत स्टार्टअप आले, रबराच्या कारखान्यात गूगल आलं, कॉफमन यांच्या रबर कारखान्याचे लॉफ्ट झाले. जून २०१९ मध्ये 'आयन' ही ट्राम धावू लागली. वॉटर्लूतल्या दोन विद्यापीठांच्या मधल्या नॉर्थडेल भागात युद्धानंतरची बैठी घरं होती. ती पाडून विद्यार्थ्यांचे मनोरे झाले. वॉटर्लू विद्यापीठाची पोरं चार महिने शिकतात, चार महिने नोकरी करतात. बारा महिन्यांचं लीज सही करून आठच महिने राहायचं आणि उरलेल्या महिन्यांसाठी पोटभाडेकरू शोधत फिरायचं, हा तिथला नेहमीचा फेरा.

मग २०१९ मध्ये प्रांत सरकारने देशी विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी उतरवून गोठवली, पण कॉलेजांना तूट भरून दिली नाही. कॉलेजांनी ती परदेशी विद्यार्थ्यांकडून भरून काढली. किचनरच्या दक्षिणेला डून भागात असलेलं कोनेस्टोगा कॉलेज यात सगळ्यांच्या पुढे गेलं. २०२३ मध्ये देशात सर्वांत जास्त स्टडी परमिट त्याच्या विद्यार्थ्यांना मिळाले, तीस हजारांहून अधिक. यातले बहुसंख्य भारतातले. पंजाब-गुजरातेतली मुलं जास्त, पण त्यांत नाशिक, सांगली, नागपूरचीही आहेत, घर गहाण टाकून घेतलेल्या कर्जावर गेलेली. त्या वर्षी कॅनडाची लोकसंख्या १२ लाख ७० हजारांच्या आसपास वाढली, म्हणजे ३.२ टक्के. १९५७ नंतरची ही सर्वांत मोठी वाढ. आणि भाड्याच्या इमारतींत देशभर रिकाम्या घरांचं प्रमाण होतं दीड टक्का, सीएमएचसीच्या नोंदी सुरू झाल्यापासून सर्वांत कमी. १९५७ च्या वाढीला देशाने शाळा, विद्यापीठं आणि इमारती बांधून उत्तर दिलं. २०२३ च्या वाढीला उत्तर काय मिळालं, ते त्या वर्षी ऑगस्टअखेर किचनरमध्ये उतरलेल्या मुलांनी पाहिलं.

घर मिळवायचं म्हणजे आधी अर्ज भरायचा. सोबत नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, आधीच्या मालकाचा संदर्भ आणि क्रेडिट रिपोर्ट. परवाच विमानातून उतरलेल्याकडे यातलं काहीच नसतं. क्रेडिटचा इतिहास नाही म्हणून नाकारू नये, अशी प्रांताच्या मानवी हक्क आयोगाची भूमिका आहे. पण एका खोलीला चाळीस अर्ज आले की मालकाला कुणालाच कारण द्यावं लागत नाही. वडिलांचा फोन येतो, "डिपॉझिट किती महिन्यांचं मागतायत रे?" अकरा महिन्यांच्या करारावर आणि दणदणीत डिपॉझिटवर वाढलेल्या आपल्या घरांत हा पहिला प्रश्न. खरं उत्तर असं की कायद्याने 'फर्स्ट अँड लास्ट', पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं, याहून जास्त मागता येत नाही. प्रत्यक्षात मुलगा सहा महिन्यांचं भाडं 'स्वतःहून' देऊ करतो, कारण दुसऱ्या कुणीतरी आठ महिन्यांचं दिलेलं असतं. घर न बघताच ई-ट्रान्स्फरने पैसे पाठवून फसलेलेही कमी नाहीत.

शेवटी मिळतं ते बेसमेंट. जिना बाजूच्या दाराने उतरतो. खिडकी छताला लागून, बाहेरून पाहिली तर जमिनीला टेकलेली. जानेवारीत बर्फ साचला की अर्धी झाकते. भट्टी पलीकडच्या खोलीत घरघरते, तापमान ठरवायचं बटण मात्र वर मालकाच्या बैठकीत. १ सप्टेंबर ते १५ जून घरात किमान २० अंश तापमान हवं, असं प्रांताच्या निकषांत लिहिलेलं आहे. ते मोजायचं कुणी आणि सांगायचं कुणाला, हे त्या मुलाला माहीत नसतं. स्वयंपाकघर मालकाच्या कुटुंबासोबत वापरायचं असेल तर गोष्ट आणखी अवघड होते. मालक किंवा त्याचे जवळचे नातेवाईक त्याच घरात राहत असतील आणि भाडेकरूला स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर त्यांच्याबरोबर वापरावं लागत असेल, तर प्रांताचा भाडेकरू कायदा लागूच होत नाही. ना वाढीला मर्यादा, ना नोटिशीची मुदत. ओळखीच्या, आपल्या भाषेच्या माणसाकडे खोली घेतली म्हणून आईवडील निश्चिंत असतात, आणि नेमकं तिथेच संरक्षण सगळ्यात कमी असतं. पोळ्यांचा वास वर जातो एवढ्यावरून 'महिनाअखेर खोली सोड' असं सांगितलं, तर तो मुलगा घरमालक-भाडेकरू वाद सोडवणाऱ्या प्रांताच्या लवादाकडेही जाऊ शकत नाही.

ज्यांना लवादाकडे जाता येतं, त्यांचीही परवड आहे. ऑन्टारिओचे लोकपाल पॉल ड्यूबे यांनी मे २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात घरमालक-भाडेकरू लवादाकडे ३८,००० हून जास्त अर्ज तुंबलेले असल्याचं नोंदवलं आणि ६१ शिफारशी केल्या. मालकांना सुनावणीसाठी सात-आठ महिने, काही भाडेकरूंना दोन वर्षांपर्यंत थांबावं लागत होतं. यात भरडले जाणारे मालकही आहेत. निवृत्तीच्या पैशातून एक फ्लॅट घेऊन त्याचे हप्ते भाड्यातून भरणारं जोडपं, आणि भाडं न देता वर्षभर बसलेला भाडेकरू, ही खरी उदाहरणं आहेत. न्याय मिळायला वर्ष लागत असेल, तर प्रामाणिक मालक घाबरून अनोळखी माणसाला घर देत नाही, आणि फटका बसतो तो पुन्हा नव्याने आलेल्यालाच.

या सगळ्याच्या तळाशी किचनरच्या व्हिक्टोरिया आणि वेबर रस्त्यांच्या कोपऱ्यावरची खडीची मोकळी जागा आहे. तिथे बेघरांनी तंबू टाकले. वॉटर्लू रीजनच्या, म्हणजे या जोडशहरांच्या प्रादेशिक, प्रशासनाने ते हटवण्याची परवानगी न्यायालयात मागितली. २७ जानेवारी २०२३ रोजी न्या. व्हॅलेंटे यांनी ती नाकारली: निवाऱ्यात सगळ्यांना पुरेशा आणि वापरता येतील अशा जागा नसताना या माणसांना हुसकावणं त्यांच्या जीविताच्या व सुरक्षिततेच्या घटनात्मक हक्काचा भंग ठरेल. घराचा हक्क केंद्राने २०१९ च्या कायद्यात शब्दांनी मान्य केला होता. किचनरच्या त्या कोपऱ्यावर तो तंबूच्या हक्कापर्यंतच पोचला.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री मार्क मिलर यांनी नव्या स्टडी परमिटांवर मर्यादा घातली. संख्या सुमारे ३,६०,००० वर, ३५ टक्क्यांनी खाली. विद्यार्थ्याने खर्चापोटी दाखवायची रक्कम दोन दशकं १०,००० डॉलरवरच थांबली होती, ती त्याच महिन्यापासून २०,६३५ झाली. भाडी किती चढली होती याची ही सरकारी कबुलीच होती, फार उशिरा दिलेली. रिकाम्या घरांचं प्रमाण २०२४ मध्ये २.२ टक्क्यांवर आलं आणि २०२५ मध्ये नव्याने द्यायच्या घरांची भाडी देशभर उतरली. म्हणून आता परक्या पोरांमुळेच घरं महागली होती, असं म्हणणाऱ्यांचा आवाज चढला आहे. ते मला अन्यायाचं वाटतं, आणि इतिहासाला धरूनही नाही. त्या मुलांनी परमिट छापले नव्हते. त्यांची फी कॉलेजाने घेतली, तिच्यावर प्रांताने आपली तूट झाकली, त्यांच्या रात्रपाळीवर गोदामं आणि कॉफीची दुकानं चालली. १९९३ पासून सामाजिक घरं बांधायची थांबली, तेव्हा यातली बहुतेक मुलं जन्मलीही नव्हती. २०११ ते २०२१ या दहा वर्षांत कॅनडात भाड्याने राहणारी कुटुंबं २१.५ टक्क्यांनी वाढली, मालकीच्या घरातली ८.४ टक्क्यांनी. विद्यार्थी परत गेले तरी ही कुटुंबं कुठे जाणार नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये मार्क कार्नी यांच्या सरकारने 'बिल्ड कॅनडा होम्स' ही संस्था १३ अब्ज डॉलरच्या भांडवलावर सुरू केली. सरकार पुन्हा बांधकामात उतरतं आहे, आणि बोलणं युद्धोत्तर काळासारखंच आहे. मला त्याचा आनंद आहे. पण हा पैसा कुठल्या घरांत जातो आणि ती घरं वीस वर्षांनी कुणाच्या हाती असतात, हे आत्ताच लिहून घ्यायला हवं. सेंट मेरीजच्या घरांसारखं बांधून विकलं, तर आजच्या भाडेकरूंचं भलं होईल आणि त्यांच्या मुलांच्या पिढीला पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल. जमीन सरकारने आपल्या नावावर ठेवावी, इमारती सहकारी आणि ना-नफा संस्थांना चालवायला द्याव्यात. कॉलेजाने परदेशी विद्यार्थ्याला प्रवेशपत्र देताना त्याच्यासाठी खाट कुठे आहे, तेही त्याच कागदावर दाखवावं. १९६४ च्या त्या विद्यार्थी सहकारी संस्थेच्या इमारती वॉटर्लूच्या फिलिप स्ट्रीटवर आजही भरलेल्या असतात; तिच्यासारख्या आणखी संस्थांना स्वस्त कर्ज आणि शहरातली जागा मिळाली, तर पुढच्या सप्टेंबरात उतरणाऱ्या मुलांपैकी काहींना तरी बेसमेंट शोधत फिरावं लागणार नाही.